डोंगरवाटेची सायकल : आधी जमीन, मग टायर

पावसाने उघडीप दिली, की रविवारी पहाटे साताऱ्याहून यवतेश्वरचा घाट चढणाऱ्या सायकलींची रांग दिसू लागते. सातारा शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ७०० मीटर उंचीवर, तर कासचे पठार सुमारे १२०० मीटरवर. वीस-पंचवीस किलोमीटरच्या अंतरात पाचशे मीटरची ही चढण दमछाक करते. पण खरी परीक्षा पुढे असते. डांबरी रस्ता सोडून एखाद्या वाडीकडे उतरणारी मुरमाची वाट धरली, की पहिल्याच वळणावर पुढचे चाक निसटते. नवीकोरी सायकल एकीकडे आणि स्वार दुसरीकडे. हातापायाला खरचटण्यावर निभावले तर ठीक. मनगट मोडल्याचे प्रसंगही घडतात. घरी परतल्यावर दोष सायकलीला दिला जातो. बहुतेक वेळा सायकल निर्दोष असते. शहरातल्या रस्त्यासाठी टणक भरलेली हवा आणि गुळगुळीत नक्षीचा टायर तसाच डोंगरावर नेलेला असतो, एवढेच घडलेले असते.

डोंगरी सायकल घेताना बहुतेकांचे लक्ष गिअर किती, पुढे-मागे शॉकॲब्सॉर्बर आहेत का आणि रंग कोणता, या तीन गोष्टींवर खिळते. जमिनीला प्रत्यक्ष टेकणारी वस्तू मात्र एकच, ती म्हणजे टायर. ब्रेक कितीही उत्तम असला, तरी टायरने जमीन सोडली की त्याचा उपयोग संपतो. म्हणून कोणत्या जमिनीवर सायकल चालवायची आहे, हा प्रश्न आधी सोडवावा आणि त्यानंतर टायर, हवा व सायकल या क्रमाने निवड करावी.

सुरुवातच टायरपासून

या सायकलींचा इतिहासही हेच सांगतो. अमेरिकेत १९३३ मध्ये श्विन कंपनीने मुलांच्या सायकलींसाठी सव्वादोन इंचांच्या आसपास रुंदीचे फुगीर टायर आणले. पुढे चार दशकांनी कॅलिफोर्नियातील माउंट तमालपैस या डोंगराच्या मातीच्या वाटांवरून उतरण्यासाठी काही तरुणांनी याच जुन्या, जड सायकली भंगारातून शोधून काढल्या. त्यांच्याकडे गिअर नव्हते, शॉकॲब्सॉर्बर नव्हते; होते ते जाड टायर. २१ ऑक्टोबर १९७६ रोजी तेथे 'रिपॅक' नावाची उताराची शर्यत झाली. उतरताना मागच्या चाकातील ब्रेक इतका तापे, की त्यातले ग्रीस जळून जाई आणि प्रत्येक फेरीनंतर ते नव्याने भरावे लागे. त्यावरूनच हे नाव पडले. पुढच्याच वर्षी जो ब्रीझ यांनी खास या कामासाठी फ्रेम बनवली, १९८१ मध्ये स्पेशलाइज्ड कंपनीची 'स्टंपजंपर' बाजारात आली आणि १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये हा प्रकार स्पर्धेत दाखल झाला. फ्रेम, गिअर, ब्रेक हे सारे नंतर आले. आधी आला तो टायर.

दोन जिल्हे, तीन जमिनी

सातारा आणि सांगली हे शेजारी जिल्हे. पण सायकलस्वाराच्या दृष्टीने त्यांत तीन वेगवेगळे मुलूख आहेत. महाबळेश्वरला वर्षाकाठी पाच हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस कोसळतो, तर आटपाडी-जतच्या पट्ट्यात तो पाचशे-सहाशे मिलिमीटरांच्या आसपास असतो. पावसातील हा फरक जमिनीत उतरला आहे.

पहिला मुलूख सह्याद्रीच्या माथ्याचा. कास, पाचगणीचे टेबललँड, चाळकेवाडी ही जांभ्याची पठारे. जांभा खडबडीत, सच्छिद्र आणि कडेला धारदार असतो. कोरड्या दिवसांत टायरला त्याची पकड उत्तम मिळते. मात्र अणकुचीदार कडांनी टायरची बाजू चिरली जाण्याचे भय असते. पावसाळ्यात हाच दगड शेवाळाने माखतो आणि साबणासारखा निसरडा होतो. येथे बाजू भक्कम असलेला, मऊ रबराचा आणि सव्वादोन ते दोन पूर्णांक चार दशांश इंच रुंदीचा टायर उपयोगी पडतो. मऊ रबर लवकर झिजते, पण ओल्या दगडाला तेच धरून राहते. तरीही शेवाळलेल्या दगडावर वळणे किंवा ब्रेक दाबणे, या दोन्ही गोष्टी टाळाव्यात. सायकल सरळ ठेवून, वेग आधीच कमी करून तेवढा टप्पा पार करावा.

दुसरा मुलूख माण, खटाव, आटपाडी, कवठेमहांकाळ आणि जत या अवर्षणग्रस्त भागाचा. मिरजेजवळचा दंडोबाचा डोंगरही याच जातीचा. येथे खाली कठीण जमीन आणि वर भुरभुरीत मुरूम असा थर असतो. वळणावर चाक घसरते ते या मुरमामुळे. जणू जमिनीवर ज्वारीचे दाणे पसरले आहेत. अशा ठिकाणी मधली नक्षी बुटकी व दाट आणि कडेचे दाते उंच, असा टायर असावा. सरळ जाताना मधल्या दाट नक्षीमुळे तो सहज धावतो आणि वळताना सायकल कलली, की कडेचे दाते मुरूम फोडून खालच्या कठीण जमिनीत रुततात. या मुलखाचा मोठा शत्रू मात्र काटा. त्याचा विचार पुढे येईलच.

तिसरा मुलूख कृष्णाकाठचा. कराड, वाळवा, पलूस, मिरज या ऊसपट्ट्यातील पाणंद रस्ते हिवाळ्यात सायकलीसाठी फार सुखाचे असतात. दुतर्फा ऊस, पायाखाली दबलेली माती आणि रहदारी जवळजवळ नाही. तेथे दोन इंचांचा, सहज धावणारा टायर पुरेसा होतो. पाऊस पडला, की चित्र पालटते. काळी माती टायरला चिकटते, टायर चिमट्यात अडकते आणि दोनशे मीटरांत चाक फिरणे बंद होते. चिखलासाठी विरळ व उंच दात्यांचे अरुंद टायर मिळतात. तांबड्या चिखलात त्यांचा उपयोग होतो. कसदार काळ्या मातीपुढे तेही हात टेकतात. या मातीसाठी टायर निवडून भागत नाही, दिवस निवडावा लागतो. चांगले ऊन पडून दोन-तीन दिवस गेल्यावरच त्या वाटेला जावे.

आकड्यांचा गोंधळ

टायर विकत घेताना आकड्यांनी फसगत होते. डोंगरी सायकलींची चाके २६, साडेसत्तावीस आणि २९ इंच अशा तीन मापांत येतात. आपल्याकडच्या जुन्या, काळ्या सायकलीचे चाक २८ इंची. तेव्हा २९ इंची चाक त्याहून मोठे असणार, असा कोणाचाही समज होईल. प्रत्यक्षात टायर जेथे बसतो तो रिमचा व्यास जुन्या २८ इंचीत ६३५ मिलिमीटर असतो, तर २९ इंचीत ६२२ मिलिमीटर. साडेसत्तावीस इंचीत तो ५८४ आणि डोंगरी २६ इंचीत ५५९ मिलिमीटर भरतो. इंचांतला आकडा हवा भरलेल्या टायरच्या बाहेरच्या व्यासाचा ढोबळ अंदाज आहे. टायर जाड झाला की तो वाढतो. साध्या सायकलीचा अपूर्णांकात लिहिलेला २६ इंची टायरही डोंगरी २६ इंची रिमवर बसत नाही.

यावर सोपा उपाय आहे. टायरच्या बाजूवर '५४-५८४' अशी जोडी छापलेली असते. पहिला आकडा टायरची रुंदी, दुसरा रिमचा व्यास, दोन्ही मिलिमीटरमध्ये. दुसरा आकडा जुन्या टायरशी तंतोतंत जुळला पाहिजे. पहिला थोडा कमी-अधिक चालतो. मात्र टायर आणि फ्रेम यांच्यामध्ये दोन्ही बाजूंना किमान पाच-सहा मिलिमीटर जागा उरली पाहिजे. अन्यथा थोडासा चिखलही चाक अडवतो.

चाक कोणते घ्यावे, हा वादाचा विषय आहे. मोठे चाक खड्ड्यांवरून आणि दगडांवरून सहज जाते, छोटे चाक चटकन वळते. उंच व्यक्तीला २९ इंची आणि बुटक्या व्यक्तीला साडेसत्तावीस इंची चाक सोयीचे पडते, एवढे सूत्र नवशिक्याला पुरे. २६ इंची नव्या सायकली आता कमी झाल्या आहेत. त्यांचे उत्तम प्रतीचे टायर मिळणे हळूहळू कठीण होत आहे, हेही ध्यानात घ्यावे.

हवेचे गणित

टायर पैसे देऊन बदलता येतो. हवा मात्र फुकट बदलता येते आणि तिने पडणारा फरक टायरइतकाच मोठा असतो. टायरचा जमिनीला टेकणारा भाग साधारणपणे त्याच्यावरील भार भागिले हवेचा दाब इतका असतो. ७० किलो वजनाचा स्वार आणि १५ किलोची सायकल मिळून ८५ किलो झाले. त्यातले साठ टक्के, म्हणजे सुमारे ५१ किलो, मागच्या चाकावर येतात. हे वजन ११२ पौंड. हवा ५६ पौंड असेल, तर जमिनीला टेकणारा भाग साधारण दोन चौरस इंच होतो. हवा २८ पौंड केली, तर चार चौरस इंच. पकड वाढते ती अशी. शिवाय मऊ टायर दगडाला पोटात घेतो, टणक टायर त्यावरून उडतो. उडालेल्या चाकाला पकड नसते.

मग हवा आणखी कमी का करू नये? कारण ठरावीक मर्यादेनंतर दगडावर आदळताना टायर रिमपर्यंत दबतो आणि ट्यूब दोघांमध्ये चिमटून तिला शेजारी-शेजारी दोन छिद्रे पडतात. सापाच्या दंशासारखी दिसणारी ही दोन छिद्रे म्हणजे हवा कमी असल्याची खूण.

वर सांगितलेल्या वजनाच्या स्वाराने सव्वादोन इंची टायरमध्ये ट्यूब असेल तर पुढे २६ ते २८ आणि मागे ३० ते ३२ पौंड हवा ठेवून सुरुवात करावी. वजन जास्त असेल, तर दर पाच किलोंना साधारण एक पौंड वाढवावे. नंतर एकच वाट दोन-तीनदा चालवून पाहावी आणि प्रत्येक वेळी दोन पौंडांनी हवा कमी-जास्त करावी. रिम दगडावर आपटल्याचा आवाज आला, की दोन पौंड वाढवावे; वळणावर चाक निसटू लागले, की दोन पौंड उतरवावे. ठरलेला आकडा वहीत टिपून ठेवावा. टायरवर छापलेली किमान व कमाल मर्यादा मात्र ओलांडू नये.

हे करायचे तर दाबमापक असलेला पायपंप घरी हवा. अंगठ्याने दाबून पाहण्याच्या सवयीवर २८ आणि ३५ पौंडांतला फरक कळत नाही. पेट्रोल पंपावरील यंत्र मोटारींसाठी असते. सायकलीच्या टायरमध्ये हवा फार थोडी मावत असल्याने क्षणार्धात ती मर्यादेबाहेर जाते. उन्हाचाही हिशेब ठेवावा. पहाटे वीस अंश तापमानात भरलेली २८ पौंड हवा दुपारी टायर ४५ अंशांपर्यंत तापला, की तीन-साडेतीन पौंडांनी वाढते. मे महिन्यात जत-आटपाडीच्या वाटेवर हा फरक जाणवतो.

काट्यांचा बंदोबस्त

पूर्व भागात सायकल चालवणाऱ्यांना तीन काट्यांची ओळख असते. बाभळीचा लांब, सरळ काटा. बांधा-ओढ्यांवर माजलेल्या वेड्या बाभळीचा काटा. आणि सर्वांत कपटी सराटा. आयुर्वेदात गोखरू म्हणून मान असलेली ही जमिनीलगत पसरणारी वेल पावसाळ्यात पिवळी फुले धरते. पाऊस सरला, की तिची काटेरी फळे सुकून वाटेवर विखुरतात. फळ कसेही पडले तरी एखादा काटा वर राहतोच. जगात अनेक ठिकाणी या वनस्पतीला सायकलीचे पंक्चर करणारी वेल अशाच अर्थाच्या नावाने ओळखतात.

यावर उपाय तीन. पहिला आणि स्वस्तातला म्हणजे टायर व ट्यूब यांच्यामध्ये पट्टी घालणे. तयार पट्ट्या मिळतात; अनेक कारागीर जुनी ट्यूब उभी चिरून तिचीच पट्टी करतात. वजन थोडे वाढते, परंतु सराट्यापासून बऱ्यापैकी संरक्षण मिळते. दुसरा उपाय ट्यूबमध्येच पंक्चर भरणारे द्रव्य घालण्याचा. तिसरा ट्यूबलेस टायरचा. त्यासाठी रिम व टायर दोन्ही त्या जातीचे असावे लागतात, रिमच्या आतून हवाबंद पट्टी चिकटवावी लागते आणि प्रत्येक चाकात सुमारे ६० ते १०० मिलिलिटर द्रव्य भरावे लागते. काटा निघताच ते द्रव्य छिद्रात गोठते आणि प्रवास चालू राहतो. ट्यूबच नसल्यामुळे ती चिमटण्याची भीतीही उरत नाही, म्हणून हवा आणखी तीन-चार पौंडांनी कमी ठेवता येते. डोंगरवाटेसाठी खर्च करायचा, तर तो आधी येथे करावा.

ट्यूबलेसची एक अट आहे. हे द्रव्य काही महिन्यांत सुकते आणि आपल्याकडच्या उन्हाळ्यात लवकर सुकते. दर दोन-तीन महिन्यांनी ते तपासावे व भर घालावी. जांभ्याच्या कडेने टायरची बाजू चिरली, तर द्रव्याचा उपयोग होत नाही. म्हणून ट्यूबलेस असला तरी एक सुटी ट्यूब, टायर काढण्याचे दोन प्लॅस्टिकचे चमचे आणि लहान पंप सोबत असलेच पाहिजेत. ट्यूब बदलताना टायरच्या आतून फडके फिरवून मोडलेल्या काट्याचे टोक शोधून काढावे. ते राहून गेले, तर नवी ट्यूबही दहा मिनिटांत बसते.

सायकल निवडताना

टायर ठरला, की सायकलीची निवड सोपी होते. मर्यादित किमतीत पुढे-मागे शॉकॲब्सॉर्बर असलेली सायकल घेण्याचा मोह टाळावा. स्वस्त प्रकारात मागचा शॉकॲब्सॉर्बर म्हणजे केवळ एक जड स्प्रिंग असते. चढावर पायडलला दिलेला जोर ती गिळते आणि तिच्या सांध्यांमध्ये लवकर खडखडाट सुरू होतो. त्याच पैशांत केवळ पुढे शॉकॲब्सॉर्बर असलेली, हलकी आणि चांगल्या ब्रेकची सायकल मिळते. चार इंची टायरच्या सायकलीही तरुणांना भुरळ घालतात. त्या बर्फ आणि वाळूसाठी जन्मल्या; यवतेश्वरच्या चढावर त्यांचे वजन जाणवते.

गिअरची संख्या पाहण्यापेक्षा सर्वांत हलका गिअर किती हलका आहे, ते पाहावे. पुढे २४ व मागे २८ दात्यांचा संयोग असलेली २६ इंची सायकल पायडलच्या एका फेरीत सुमारे पावणेदोन मीटर पुढे जाते. पुढे ३२ आणि मागे ५० दात्यांची, २९ इंची चाकांची सायकल दीड मीटरहूनही किंचित कमी. पहिलीला २१ गिअर, दुसरीला १२ किंवा कमी. तरीही घाटात दुसरी सोपी जाते.

ब्रेक डिस्कचे असावेत, कारण रिमवर दाबणारे रबर चिखलात निकामी होते. तारेच्या डिस्क ब्रेकपेक्षा तेलाच्या दाबावर चालणाऱ्या ब्रेकला बोटांचा जोर कमी लागतो. लांब उतारावर ही गोष्ट महत्त्वाची ठरते.

सायकल अंगाला बेतणे

फ्रेमचे माप उंचीवरून ठरते, पण शेवटची कसोटी प्रत्यक्ष उभे राहून घ्यावी. जमिनीवर दोन्ही पाय टेकून उभे राहिल्यावर वरची दांडी आणि शरीर यांत किमान दोन इंच अंतर हवे. सीटची उंची अशी ठेवावी, की टाच खाली आलेल्या पायडलवर ठेवली असता पाय सरळ होईल. मग चवड्याने पायडल मारताना गुडघा किंचित वाकलेला राहतो. ही उंची चढासाठी. उतारावर तीच सीट दोन-तीन इंच खाली घ्यावी, म्हणजे शरीर मागे-खाली नेता येते. उतारावर हँडलवरून पुढे फेकले जाण्याचे एक मोठे कारण सीट उंच राहणे हेच असते.

पुढच्या शॉकॲब्सॉर्बरमध्ये हवा भरायची सोय असेल, तर ती स्वाराच्या वजनानुसार बेतावी. त्याच्या दांडीला रबर बँड लावून सायकलीवर सावकाश बसावे व उतरावे. १०० मिलिमीटर दबणारा शॉकॲब्सॉर्बर असेल, तर रबर २० ते २५ मिलिमीटर सरकलेले दिसावे. कमी सरकले तर हवा जास्त आहे, अधिक सरकले तर कमी आहे.

टायर बसवताना बाजूवरील बाण चाक फिरण्याच्या दिशेने असावा. दोन टायर वेगळे असतील, तर अधिक पकडीचा पुढे लावावा. मागचे चाक घसरले तर सावरता येते. पुढचे घसरले तर क्वचितच. याच कारणासाठी एकच नवा टायर घेतला, तर तो पुढे लावून पुढचा मागे न्यावा.

वाटेचीही मर्यादा

टायरची पकड वाढली म्हणून कोठेही जाण्याचा परवाना मिळत नाही. कासचे पठार २०१२ मध्ये पश्चिम घाटातील ३९ स्थळांपैकी एक म्हणून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आले. तेथे सपुष्प वनस्पतींच्या सुमारे ८५० प्रजाती नोंदल्या गेल्या आहेत आणि त्यांतील कितीतरी जांभ्यावरच्या बोटभर मातीत तग धरून असतात. ज्या उंच दात्यांची वर शिफारस केली, तेच दाते हा थर एका फेरीत उखडतात. फुलांच्या दिवसांत तर नाहीच, एरवीही पठारावर सायकल घालू नये. डांबरी रस्ता, गाडीवाट आणि रुळलेल्या वाटा एवढेच सायकलीचे क्षेत्र. कोयना अभयारण्य व चांदोली राष्ट्रीय उद्यान मिळून २०१० मध्ये सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला; तेथे आणि सागरेश्वर अभयारण्यात वनखात्याच्या परवानगीशिवाय जाता येत नाही. पाणंदही शेतकऱ्याच्या उपयोगाची असते. ओली असताना तिच्यात पाडलेली चाकोरी वाळून दगडासारखी होते आणि बैलगाडीला महिनाभर त्रास देते.

सायकल विकत घेण्याचे काम तासाभराचे. तिला आपल्या मुलखाशी जुळवून घ्यायला मात्र एखादा हंगाम जातो. त्या हंगामात वहीत लिहिलेले हवेचे आकडे, उपसलेले सराटे आणि एकदा तरी घसरून पडल्याची आठवण, एवढे भांडवल जमले, की पुढचा टायर घेताना दुकानदाराचा सल्ला विचारावा लागत नाही. स्वार पायाखालची माती पाहतो आणि काय हवे ते त्याला कळते.